समासातले वादळ

सागवेळ बंदरावर येईतो वादळाचा जोर ओसरेल, असे हवामानाचा अंदाज बांधणारे यंत्र सकाळपासून सांगत होते. मग दाबमापकाचा काटा असा भराभर खाली का चालला होता?

टेकडीवरच्या दीपगृहाच्या खिडकीतून ऋजुताने खाली पाहिले. खाडीच्या तोंडाशी शाळा होती. शाळेत दोनशे माणसे आसऱ्याला आली होती, त्यांत तिचे बाबाही.

"आत्या, यंत्र चुकलं तर?"

मंदाआत्या हवामानशास्त्रज्ञ होती. खोटा धीर देणे तिला जमत नसे. "चुकू शकतं. आपण शिकवला तेवढाच भूतकाळ त्याला ठाऊक. दोनशे वर्षांच्या नोंदींत इथे मोठं वादळ नाही, म्हणून आजचंही विरेल असं ते धरून चालतं."

"नोंदी कुणी वाचल्या?"

"मी," टिपण्या म्हणाला. जुन्या वह्यांतले आकडे यंत्रात भरणारा हा यंत्रमानव. "दीपगृहाचा नियम होता, रोज सकाळी आठला हवेचा दाब (आपल्यावरच्या हवेचा भार) लिहायचा. दिवसाला एक आकडा. जास्त दिसले तर मी पहिला घेतो. बाकीची खाडाखोड समजून सोडतो."

ऋजुता त्याच्याकडे वळली. "ती खाडाखोडीची पानं दाखव. फक्त मे-जूनची, वादळांच्या दिवसांची."

एकोणीस पाने निघाली. सातव्या पानाच्या समासात बारीक अक्षरात अकरा आकडे एकाखाली एक दाटले होते.

"ही खाडाखोड नाही! प्रत्येकापुढे तास लिहिलाय. नऊ, दहा, अकरा... आणि दाब सारखा उतरतोय." शेवटी लिहिले होते, 'पाणी सत्ताविसाव्या पायरीला.' तिने खाली शाळेकडे पाहिले. "आत्या, खाडीतून इथवर चढणाऱ्या पायऱ्या या. शाळेचा ओटा तर अठराव्या पायरीच्या सपाटीला आहे."

आत्याने आकड्यांवरून बोट फिरवले. "दाब जितका झपाट्याने उतरतो, तितकं वादळ जवळ आणि जोरकस. या माणसाने नियम मोडून दर तासाला लिहिलं, आणि आपण त्याचं वादळच पुसून टाकलं."

तिने अकरा आकडे यंत्रात भरले. यंत्राने आधी ते जुने वादळ पुन्हा उभे केले (जुन्या नोंदींवरून मागचे हवामान असे मांडणे म्हणजे पुनर्रचना). मग आजचे गणित बदलले. पाणी साडेचार मीटर चढेल, शाळेच्या ओट्याच्याही वर. अवधी दोन तास.

"बाबा, शाळा सोडा! सड्यावर चढा!" ऋजुता फोनवर ओरडली.

"अगं, आत्ता खिचडी टाकलीय. यंत्र म्हणतंय..."

"यंत्राला आम्हीच चुकीचं शिकवलं, दादा," आत्याने फोन हिसकावला. "पातेलं राहू दे. म्हाताऱ्यांना आधी उचल!"

माणसांची रांग सड्याच्या (उंच कातळपठाराच्या) वाटेला लागली. शेवटची छत्री वर दिसेनाशी झाली, आणि पाऊण तासाने समुद्र शाळेच्या खिडक्यांतून आत शिरला.

ऋजुता आत्याकडे वळली. "अशी किती वादळं गाळली असतील आपण?"

"माहीत नाही," आत्या म्हणाली. " सहा बंदरांच्या वह्या याच नियमाने वाचल्यात."

वादळ आता किनाऱ्याने उत्तरेला सरकत होते. पुढच्या वेळासरी बंदरावर पोचायला त्याला पाच तास लागणार होते.

"वेळासरीची वही," टिपण्या म्हणाला. "खाडाखोडीची पाने, एक्केचाळीस."

ऋजुताने खुर्ची पुढे ओढली. "सगळी काढ."