टाळी वाजेपर्यंत

एक दार, आतून कडी लावलेलं. दोन खिडक्या, बंद. एक लाकडी खाट. तीन खुर्च्या. चार माणसं, म्हणजे आठ हात.

हातांचा आकडा लक्षात ठेवा.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. आधी मोजते, मग घाबरते. आणि हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. गेल्या महिन्याची नऊ तारीख, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. नाटकाच्या तालमीची खोली.

माझी ताई अकरा वर्षं रंगमंचावर ट्रे घेऊन येत होती. "बाईसाहेब, पाहुणे आलेत," एवढं म्हणायचं आणि विंगेत जायचं. यंदा तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. नवरा जिचा गळा दाबून खून करतो, त्या बायकोची. नवरा झालेल्या नटाला आम्ही पैलवान म्हणतो, कारण फुंकर मारली तर उडेल. दिग्दर्शकांना सगळेच सर म्हणतात. चौथी मी. ध्वनी सांभाळायचा आणि तालीम मोबाइलवर टिपायची.

रंगमंचावर गळा कसा दाबतात ते आधी सांगते.

मारणारा जोर लावतच नाही. त्याची बोटं नुसती टेकलेली असतात. मरणारी त्याची मनगटं धरते आणि तीच हिसके देते, तडफडते. सगळा जोर तिचा. नको झालं की ती मनगटं सोडते आणि नट हात काढून घेतो.

लगाम मरणारीच्या हातात असतो.

सरांना तेच खटकत होतं.

"हा गळा दाबतोय की मफलर बांधतोय?"

"सर, लागेल हो तिला," पैलवान म्हणाला.

"लागू दे. आजपासून नियम वेगळा. तिने मनगटं सोडली तरी थांबायचं नाही. माझी टाळी वाजेपर्यंत दृश्य चालू."

ताई खाटेवर आडवी होत हसली. "चल रे पैलवाना, मार एकदाची. जन्मभर ट्रे धरलाय, मरायला मिळतंय हेच खूप."

सुरू झालं.

नवव्या सेकंदाला ताईने मनगटं सोडली. पैलवान भला माणूस. सरांचं न ऐकता त्याने हात काढले आणि दोन पावलं मागे सरला.

ताई मात्र...

उठली नाही.

तिच्या टाचा खाटेवर आपटत होत्या. डोळे खोबणीतून बाहेर येऊ पाहत होते. जीभ दातांखाली सापडली आणि हनुवटीवरून रक्ताची धार लागली. मग तिचं डोकं वर उचललं गेलं... आणि खाटेच्या कडेवर आदळलं.

पुन्हा.

तिसऱ्यांदा आवाज ओला आला.

"वा!" सर म्हणाले.

तेव्हा मला तिचा गळा दिसला. कातडी आत दबली होती. दहा ठिकाणी.

पैलवानाचे दोन हात हवेत. ताईचे दोन खाटेबाहेर लोंबत होते. माझ्या दोन हातांत मोबाइल. सरांचे दोन मांडीवर.

आठ.

"सर, टाळी!" मी किंचाळले. "टाळी वाजवा!"

त्यांनी लगेच वाजवली नाही. चित्रणात मी नंतर मोजलं. सहा सेकंद.

टाळी वाजली... आणि गळा सुटला.

डोक्याला चार टाके पडले. गळ्यावर दहा बोटांचे निळे वळ. "आठवड्यात जातील," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी कॅलिपर काढला. गळ्याच्या मधोमध उठलेल्या दोन अंगठ्यांमधलं अंतर एकवीस मिलिमीटर.

पैलवानाने त्याच संध्याकाळी नाटक सोडलं. मला वाटलं, सुटलो आपण.

"नवरा हवाय कशाला?" सर म्हणाले. "खुनी दिसायलाच नको. ती एकटीच करील."

"ताई, तुझ्या पाया पडते, सोड हे."

"शास्त्रज्ञबाई," ती टाक्यांवरून हात फिरवत म्हणाली, "अकरा वर्षांत सर मला पहिल्यांदा 'वा' म्हणाले. आणि टाळी वाजली की सुटतंच ना?"

त्यानंतर पाच तालमी झाल्या. खाटेवर ताई एकटी. दर वेळी ती मोकळे हात पसरायची... दर वेळी गळा आत दबायचा. आणि दर वेळी सरांची टाळी थोडी उशिरा यायची. शेवटच्या तालमीत एकोणीस सेकंद.

वळ गेले नाहीत. ते सरकतात. प्रत्येक तालमीनंतर अंगठे तीन मिलिमीटरने जवळ येतात. तालीम नसेल त्या दिवशी फरक शून्य. मी दर वेळी तीनदा मोजते.

काल मी सरांना गाठलं.

"सर, प्रयोगात तुम्ही मागे उभे असणार. तिथे टाळी कोण वाजवणार?"

ते माझ्याकडे बघून हसले.

"प्रेक्षक."

"आणि त्यांनी वाजवलीच नाही तर?"

"तर दृश्य अजून रंगलं नाही असं समजायचं."

आज पहिला दिवस. दोन प्रयोग आहेत, एक दुपारी, एक संध्याकाळी. ताई आरशासमोर बसून गळ्यावर रंग चढवते आहे. वळ झाकले जात नाहीत म्हणून कुरकुरते आहे.

"आटप गं, गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

मी कॅलिपर लावला. तीनदा मोजलं.

सहा मिलिमीटर.