हलगी सैल पडली तेव्हा

धारूरच्या वाचनालयात साठ खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं अकरा, त्यातली दोन नुसती भुरभुर चुकवायला शिरलेली. व्यासपीठावर एक माईक, एक हलगी आणि घामाघूम झालेला एक वक्ता.

शहादेव सरांनी निवृत्तीच्या पैशातून एक निधी ठेवलाय. त्याच्या व्याजावर दरवर्षी एक जण इथल्या लोककलेचा अभ्यास करतो आणि शेवटी सगळ्यांसाठी खुलं व्याख्यान देतो. सरांना पटलं, तर आणखी एक वर्ष मिळतं. यंदाचा अभ्यासक नेकनूरचा सतीश. मी चैताली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आज माईकवाली.

"तुमच्याकडं बघून बोललो तर चालंल का?" माईक तपासताना त्यानं विचारलं होतं.

"मी कोपऱ्यात आहे. लोक समोर बसलेत."

"म्हणून तर... आज फसलो तर पुण्याची नोकरी धरायची. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

बोलायला तो बरा होता. मग त्यानं हलगी उचलली आणि टिपरी मारली — थप्प! ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज. कुणीतरी हसलं. सर खाली बघू लागले.

मी जवळ गेले. "शेकली नाही? दमट हवेत कातडं सैल पडतं."

"वाचनालयात जाळ करू? शिपाई आप्पारावांनी दारातच माझी काडेपेटी काढून घेतली!"

"मग जाळ आहे तिथं चला."

समोर एस.टी. स्टँडला लागून रतनबाईंचं चहाचं हॉटेल. आम्ही पुढे, अकरा माणसं मागे. सतीशनं हलगी भट्टीपुढे धरली, हळूहळू फिरवत राहिला.

"आरं, चहा उतू जाईल, जरा सरक की!" रतनबाई ओरडल्या.

तो सरकला... माझ्याकडे. आणि टिपरी मारली. कडाड! स्टँडवरची माणसं वळली. तो वाजवत गेला, मधेमधे बोलत गेला.

"आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आन् हलगी खाली ठेवली. गावानं लादलेलं काम म्हणून वाजवणार न्हाई, म्हणले. मी वाजवतो ती माझ्या मर्जीनं."

आता कुणी हसलं नाही. बसचा ड्रायव्हरसुद्धा उतरून उभा राहिला.

सर भिजतच ऐकत होते. "अजून एक वर्ष कर," ते सतीशला म्हणाले. "पण व्याख्यान इथंच दे."

पांगापांग झाल्यावर सतीश मोबाईल हातात घेऊन माझ्याजवळ आला.

"पुण्याला काय सांगू?"

"मला कशाला विचारता?"

"वर्षभर इथं राहायचं म्हणजे... चहाला कुणीतरी पायजे."

"कुणीतरी?"

"तुमी."

"मग नाही म्हणून सांगा त्यांना."

त्यानं तिथंच फोन लावला. बोलताना नजर माझ्यावरच. मग आम्ही भट्टीजवळच्या बाकड्यावर बसलो आणि रतनबाईंनी न विचारता दोन कप आणून ठेवले.

नंतर मी ते बाकडं मोजलं. लांबी सहा फूट. आम्ही दोघं अडीच फुटांत बसलो होतो.