चौदा विसावे

ही गोष्ट खरी आहे.

मी तीस वर्षं जिल्ह्याच्या पेपरात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे मी खरं बोलायला लागलो की लोक आधीच हसायला लागतात. इथं तेवढं हसू नका.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मागच्या वर्षीचा मार्च, रविवार, दुपारचे सव्वादोन. गाव नांदूरघाट, तालुका केज. भाड्यानं घेतलेल्या मंगल कार्यालयाचा हॉल. वर पंखे फिरत होते. भुताला सोयीचं असं काहीच नव्हतं.

आधी सत्यशीलाबाईंबद्दल सांगतो.

बाई निवृत्त नर्स. लहानपण मिशनच्या वसतिगृहात गेलेलं. तिथं त्या चार आवाजांत गायला शिकल्या. दोन आवाज बायकांचे, दोन पुरुषांचे, चौघं वेगवेगळं गातात आणि तरी भांडण होत नाही. आमच्या गावाला हे नवीन होतं.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. आत परदेशात छापलेली जुनी समूहगानाची पुस्तकं. पाच रेघा, आणि त्यांवर जिरं सांडल्यासारखे काळे ठिपके. बाईंनी वीस वर्षं खपून त्या ठिपक्यांचं सारेगम केलं. एका जाड वहीत, आमच्यासारख्यांना गाता यावं म्हणून.

आणि मध्येमध्ये लाल शाईची बारीक खूण. इथं श्वास घ्या.

बाई त्या खुणेला विसावा म्हणायच्या. त्यांना दमा होता, म्हणून विसावे जरा जास्तच होते. पहिल्या गाण्यात चौदा. त्या गाण्यात शब्द तीनच, तेही परक्या भाषेतले. अर्थ विचारला की बाई म्हणायच्या, "काय न्हाई, दया कर. एवढंच."

माझे दाजी मृत्युंजय, म्हणजे माझी धाकटी बहीण महादेवी हिचे यजमान, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी ती वही वाचायला नेली आणि पुस्तक छापून आणलं. वर दाजींचं नाव. आत बाईंचं नाव कुठंच नाही.

विसावेही नाहीत.

"पानं कशी साफ दिसायलीत बघा," दाजी म्हणाले.

प्रस्तावना मी लिहिली होती. प्रकाशनाला मीच वाचून दाखवली. "मूळ वहीत सुरांपेक्षा श्वास जास्त होते. संपादकांनी श्वास काढून टाकले, उरलं ते संगीत."

हॉल हसला. मीही हसलो. स्वतःच्या विनोदाला हसायची मला सवय आहे.

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्याही हसल्या... थोड्या उशिरा.

एकटी महादेवी हसली नाही. ती मागच्या खोलीत पाहुण्यांचे पोहे करत होती.

मग दाजींनी आमच्या गाणाऱ्या मंडळाकडून तेच पहिलं गाणं सुरू केलं. बाई उभ्या राहून गायला लागल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी श्वास घेतला, तसा दाजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बाई, पुस्तकात हितं विसावा हाय का?"

"न्हाई, सर."

"मग घेतला कावून? चला, पयल्यापासून."

असं सात वेळा झालं. सातही वेळा हॉल हसला.

आठव्या वेळी बाई न थांबता शेवटपर्यंत गेल्या. ओठ जांभळे पडले होते. दाजी म्हणाले, "बघा, जमतंय की. मनाचा खेळ हाय समदा."

तीन दिवसांनी बाई गेल्या.

महिनाभरानं, म्हणजे मार्चातल्या त्या रविवारी, त्याच हॉलमध्ये मंडळाचा सराव ठेवला. बाईंची खुर्ची तिथंच होती. ती कुणी हलवलीही नव्हती, तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं.

त्याच गाण्याची पहिली ओळ संपली. आणि...

कुणीतरी श्वास घेतला.

ओढून. शिट्टीसारखा.

माझ्या शेजारी सुग्रीव होता, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मला कोपर मारलं. "तू होता का बे?"

मी नव्हतो.

मी पुस्तकात पाहिलं. छापील पानावर लाल खूण होती... ओली. सुग्रीवच्या पानावरही होती. पुढच्या रांगेत गाणाऱ्या कौशल्याबाईंच्याही. आमचा साधा श्वासही सगळ्यांनी नेमका तिथंच घेतला होता.

पान साफ होतं फक्त दाजींचं.

दाजी गात होते. दुसरी ओळ. तिसरी. मध्ये दमच घेईनात. आम्ही घाबरून गप्प झालो, ते थांबले नाहीत. डोळे बाहेर आले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तर बोटांच्या फटीतून गाणं येतच राहिलं.

छातीत हवा उरलेली नव्हती. आवाज मात्र स्वच्छ. दाजी जन्मात इतके सुरात गायले नव्हते.

"अरे, खूण कर त्यायच्या पानावर," सुग्रीव म्हणाला.

मी खिशातला लाल पेन काढला. खूण केली. ती कागदावर उमटली... आणि जिरून गेली. पुन्हा केली. पुन्हा गेली.

महादेवी चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे जमिनीवर ठेवला, कपाळावरचं कुंकू बोटाला लावलं आणि बोट पानावर टेकवलं.

खूण टिकली.

दाजींनी श्वास घेतला.

तेव्हापासून हे रोज आहे. दुपारी सव्वादोनला दाजींचं तोंड आपोआप उघडतं. जेवणाच्या ताटावर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही. बीडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि फुप्फुसं एकदम उत्तम असल्याचं सांगितलं. अर्थात तपासलं सकाळी अकराला. पुस्तक कपाटात कोंडून पाहिलं. गाणं लागलंच, फक्त श्वास मिळेना.

आदल्या दिवशीच्या खुणा सकाळपर्यंत नाहीशा होतात. म्हणून रोज दोन वाजता महादेवी कुंकवाचा करंडा घेऊन बसायची आणि चौदा खुणा करायची. कौशल्याबाईंनी करून पाहिल्या, सुग्रीवनं पाहिल्या. कुणाच्याच टिकल्या नाहीत.

एके दिवशी तिनं मला विचारलं, "अण्णा, माझ्याच हाताच्या कावून टिकायल्यात?"

तीस वर्षं थापा लिहून पोट भरलं. नेमकं त्या दिवशी मला खरं बोलायचं सुचलं.

"तू त्या दिवशी हसली नव्हतीस," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. प्रस्तावना. सात वेळा थांबवणं. जांभळे ओठ.

तिला एवढंच माहीत होतं की बाई दम्यानं गेल्या.

ती करंड्याचं झाकण फिरवत बसली. "माझी दोन्ही बाळंतपणं बाईनं केली, अण्णा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. धाप लागली होती.

"रेवणप्पा, आज तेराच होत्या."

"चुकली असेल मोजायला."

"ती कवाच चुकत न्हाई."

पुढच्या रविवारपासून बारा. त्यापुढच्या रविवारी अकरा. महादेवीला घाई नाही. दाजी तिच्या पाया पडतात. ती त्यांना उठवते, पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "जमतंय की. मनाचा खेळ हाय समदा."

दाजींच्या ओठांचा जांभळा रंग आता सकाळीही उतरत नाही.

काल रविवार. मी गेलो होतो. पानावर चार खुणा होत्या.

गाणं संपलं तेव्हा दाजी भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. मी महादेवीला बाजूला घेतलं. म्हणालो, "बाई गं, दया कर."

"ते तर हेबी रोज म्हणायलेत की, अण्णा," ती म्हणाली आणि करंड्याचं झाकण लावलं.

मी चपला घालत होतो. ती दारापर्यंत आली.

"फुडच्या रविवारीबी ये. पयल्या रांगेत बस. तुला हसू येतंय का, बघायचंय मला."

घरी आलो. दार लावलं, दिवा लावला. खोलीत मी एकटाच होतो.

आणि...

कुणीतरी श्वास घेतला. ओढून. शिट्टीसारखा.

मी मागं वळून पाहिलं नाही. गरजच नव्हती. तो माझाच होता.

मला दमा नाही. कधीच नव्हता.