वाटीतलं रोमन नाणं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ढुंढिराजमामा माझे सख्खे मामा आहेत, आणि तीस वर्षं बँकेत काढूनही त्यांना धड खोटं बोलता येत नाही.

हे घडलं बनारसला, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत, गेल्या पितृपक्षात.

रात्र नव्हती. भूत म्हटलं की लोक आधी अमावस्या शोधतात. हे सगळं भर दुपारी झालं, खाली पानवाल्याचा रेडिओ चालू असताना.

मामांना छंद एकच. रोमन नाणी. पुण्याचा विश्वजीत नावाचा एक संग्राहक त्यांना मातीनं माखलेली ब्राँझची नाणी पाठवायचा. ती साफ करायची आणि कुठल्या राजाची, कुठल्या काळातली ते भिंग लावून ओळखायचं, यात मामांची निवृत्ती मजेत चालली होती.

"आपल्या घरची जाळी निघत नाहीत, नि हे परमुलखातली माती धुतात," असं विद्युल्लतामामी म्हणायच्या.

मामांची रीत ठरलेली. नाणं काचेच्या वाटीत ठेवायचं. वर डिस्टिल्ड पाणी सोडायचं, तेही तळहातावरून, म्हणजे धार थेट नाण्यावर पडत नाही. पाणी रोज बदलायचं. माती सैल झाली की टूथपिकनं हलकेच काढायची. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार ब्राँझ खातात.

प्रतिपदेला मामा घाटावर आजोबांचं तर्पण करून घरी आले. पुण्याहून नवीन नाणं आलं होतं. सोबत विश्वजीतची चिठ्ठी.

'काका, हे जपून हाताळा. कबरीतलं आहे. कवटीच्या जबड्यात सापडलं. ते लोक मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवायचे.'

मामांना कुठला धीर! पण डिस्टिल्ड पाण्याचा कॅन संपलेला. दुकान बंद. गंगेला पूर, पाणी नुसतं गढूळ.

मग त्यांची नजर देवघराकडे गेली...

तिथं आजीचा तांब्याचा गडू होता.

माझी आजी, प्रभावती, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. सहा महिने अंथरुणाला खिळलेली. तो गडू तिनं बावीस वर्षांपूर्वी कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर स्वतः भरून आणला होता आणि झाकण लाखेनं बंद केलं होतं. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी. "मला बाकी काही नको रे. जाताना त्यातलं पाणी तेवढं तोंडात घाल," एवढंच ती मामांना सांगायची. साऱ्या जन्मात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

छंद लागला की माणूस आंधळा होतो. मामांनी लाख खरवडली. आत नितळ पाणी.

'अर्धी वाटी घेतली तर कुठे आभाळ कोसळतंय?'

ते हसत नाण्याला म्हणाले, "आम्ही मेलेल्याच्या तोंडात सोनं ठेवतो, तुझ्या लोकांनी ब्राँझ ठेवलं. पण पाणी घालायचं राहिलं की लेका! घे, पी."

आणि पाणी सोडलं.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पदर तसाच राहिला.

"अहो! अंगठ्यावरून काय सोडताय?"

मामांनी हाताकडे पाहिलं. देवाला पाणी बोटांच्या टोकांवरून देतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधून देतात ते फक्त पितरांना. सकाळभर तर्पण करून हाताला तेच वळण पडलं होतं.

"आदत झाली, दुसरं काय," म्हणून मामांनी ते हसण्यावारी नेलं. गडूला पुन्हा लाख लावली आणि देवघरात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी होती.

ओलसरसुद्धा नाही. माती मात्र थोडी सुटली होती. दोन शिपाई, मध्ये निशाण. मामांनी ओळखलं, चौथ्या शतकातलं. म्हणजे सोळाशे वर्षांच्याही वरचं. त्या आनंदात कोरड्या वाटीचं कुणाला काय! नवा कॅन आला होता. त्यांनी वाटी भरली आणि जेवायला बसले.

पहिलाच घास घेतला, तोच खोलीतून आवाज आला.

गुटुक...

कुणीतरी घोट गिळावा तसा.

गुटुक... गुटुक...

जाऊन पाहतात तर वाटी रिकामी.

मामांनी वाटी बदलली. खिडकी लावून पाहिली. मांजर आहे का म्हणून कपाटामागे काठी घातली. दोन दिवसांत अख्खा कॅन संपला.

मग चतुर्थीला मामी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "सकाळपासून तीन ग्लास पाणी पाजलं आईंना. तरी ओठ फाटलेत. जीभ बघा, लाकूड झालीय. पाणी जातंय तरी कुठे?"

मामांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. त्यांनी नाणं उचललं, तडक खाली गेले आणि भर पुरात फेकून दिलं. "पी आता हवं तेवढं," असं ओरडलेसुद्धा. नावाडी बघत राहिले.

घरी आले. रिकामी वाटी टेबलावर होती...

आतून आवाज येत होता. गुटुक.

या वेळी आजीच्या खोलीतून.

षष्ठीला दुपारी दोन वाजता आजीचा श्वास बदलला. डॉक्टर आधीच सांगून गेले होते. मामी तुळशीचं पान घेऊन आल्या. मामांनी गडू काढला, लाख फोडली आणि तिच्या ओठांवर तिरका केला.

काहीच आलं नाही.

आत बोट घातलं. तळाला कोरडी पांढरी पूड.

"स्वयंपाकघरातनं आणा! जल्दी!" मामी ओरडल्या.

हंडा कोरडा. फिल्टर कोरडा. नळ नुसता घरघरला.

आणि दहा पायऱ्या खाली गंगा दुथडी वाहत होती.

मामा तांब्या घेऊन धावले. काठोकाठ भरला, छातीशी धरून वर आले. उंबऱ्यात तांब्या हलका लागला. रिकामा. पाणी सांडलं म्हणावं, तर पायऱ्या कोरड्या होत्या.

पुन्हा गेले. या वेळी तांब्याच्या तोंडावर घट्ट तळहात दाबून आणला. पुन्हा रिकामा.

तिसऱ्यांदा त्यांनी पाणी स्वतःच्याच तोंडात भरून घेतलं. साठीचा माणूस, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून जिने चढत होता. उंबरा ओलांडला आणि जीभ टाळूला चिकटली. आईला हाक मारायला तोंडात ओल उरली नव्हती.

आजीनं डोळे उघडले. ती मामांकडे बघत नव्हती. त्यांच्या बाजूला, उशाशी बघत होती.

"ढुंढू... हे कोण बसलेत रे?"

उशाशी कुणीच नव्हतं.

"फार तहानलेत बिचारे. पाहुणे आहेत. त्यांचं होऊ दे आधी..."

एक आवंढा गिळला तिनं. कोरडा.

"...मग मला दे."

एवढंच बोलली. गेली.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहायला लागला.

काशीत, गंगेपासून दहा पायऱ्यांवर, माझी आजी पाण्याविना गेली. मामांनी क्रियाकर्म यथासांग केलं, गयेलाही जाऊन आले. पण माणूस तेव्हापासून पार खचलाय. भिंग, नाणी, सगळं विश्वजीतला परत पाठवून दिलं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारी दोनला मामांनी दोन वाट्या भरल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरी आजीच्या रिकाम्या पलंगापाशी. मला म्हणाले, "बस इथं. बोलू नकोस."

मी बसले. रेडिओ चालू होता...

गुटुक.

पहिली वाटी माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेली. तळ दिसला. मामांनी लगेच ती पुन्हा भरली. पुन्हा रिकामी. पुन्हा भरली. ते हलक्या आवाजात सारखं विचारत होते, "झालं का? आता तरी झालं का तुमचं?"

आजीची वाटी काठोकाठ भरलेली होती.

मामा म्हणतात, तिला अजून कुणी हातच लावलेला नाही.