तीस सेकंद, हलू नका

मोबाइलचे दिवे विझवा आधी. वीज येईल तेव्हा येईल; भुताच्या गोष्टीपायी बॅटरी जाळू नये. आणि ही ऐकीव नाही. जिच्यावर गुदरली ती बाई एका कारकुनाच्या टेबलासमोर बसून, चहा गार करत, सगळं सांगून गेली. खरं मानायचं की नाही ते उजाडल्यावर ठरवा. आत्ता नुसतं ऐका.

बाई फोटो काढायची. माणसांचे नव्हे, घरांचे. बाप गवंडी, त्यामुळे फोटोतली भिंत तसूभर कललेलीही तिला खपत नसे. म्हणून धंद्यातले लोक तिला ओळंबा म्हणत. गवंडी दोरीला वजन बांधून भिंतीशी सोडतो ना, तो. स्वभावही तसाच. धक्का द्या, हलेल; पण थांबेल ती सरळच.

त्या धंद्याची एक गंमत आहे. फोटोआधी घरातून राहणाऱ्यांच्या सगळ्या खुणा हलवायच्या. चपला, औषधाच्या बाटल्या, टॉवेल, दात घासायचे ब्रश. इथे कोणीच राहत नाही असं दिसलं, की बघणाऱ्याला तिथे राहावंसं वाटतं. माणसाची जात, दुसरं काय!

तर एका दुमजली घराचं नूतनीकरण व्हायचं होतं. घरात राहणारी काकू, आणि फोटो काढायला बोलावणारा तिचा पुतण्या. वरच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची, आणि खुर्चीत काकू.

“काकू, पाचच मिनिटं बाहेर बसता का?” ओळंबाने विचारलं.

“चाळीस वर्षं इथे बसतेय. उठायची नाही. काढायचा तर माझ्यासकट काढ. आणि पोरी, एक प्रत मला दे. उद्या कोणी म्हणायला नको, इथे कोणी राहतच नव्हतं म्हणून.”

“देते, काकू.”

पुतण्याने तिला जिन्यात गाठलं. “मॅडम, घराचा फोटो हवाय, म्हातारीचा नको. संगणकावर पुसता येतं ना तुम्हाला?”

तिने पुसलं. भिंतीवरून लोंबणारी वायर पुसतात तशी काकू पुसली. खुर्चीसकट. हाताची सवय. प्रत द्यायची तेवढी राहून गेली.

तोच फोटो पुतण्याने कचेरीत नूतनीकरणाच्या परवानगीच्या अर्जाला जोडला: वरची खोली रिकामी, वापरात नाही. कागदाला डकवलेला फोटो म्हणजे मोठा सोयीचा साक्षीदार. त्याची उलटतपासणी होत नाही. ज्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला, तो आता निवृत्त आहे आणि वीज गेली की पोरांना गोष्टी सांगतो.

हसू नका. पुढे ऐका.

कागदावर खोली रिकामी ठरली, आणि काकूंची रवानगी वृद्धाश्रमात झाली. तिथे त्या दीड महिना टिकल्या. हे सगळं ओळंबाच्या कानावर आलं ते त्या गेल्यानंतर.

आठ महिन्यांनी घर नवं झालं आणि पुतण्याने तिलाच पुन्हा बोलावलं. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावतात, दोन्ही एकाच जागेवरून काढलेले लागतात. ती लगेच हो म्हणाली. मात्र पिशवीत मूळ फोटो घेऊन गेली, न पुसलेला. जोडीला लावायचा तर हाच, नाहीतर काम गेलं खड्ड्यात, असं ठरवूनच.

तारीख अठरा जानेवारी, गुरुवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, ग्रहण तर नाहीच. भुतांच्या दृष्टीने सुट्टीचा दिवस.

खोलीत दिवे आणि बाहेर निळं आभाळ, असा फोटो लोकांना आवडतो. ते निळेपण वीस मिनिटं टिकतं. संध्याकाळी साडेसहाला तिने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. पांढऱ्या भिंती. नवा सोफा. दोन दिवसांपूर्वी पॉलिश केलेली लाकडी जमीन, तोंड दिसेल अशी. खिडकीशी काही नाही. वेताची खुर्ची केव्हाच भंगारात गेलेली.

इथे एक लक्षात ठेवा. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तिने तीस सेकंद ठेवला. तेवढ्या वेळात जो सारखा हलतो, तो फोटोत उमटत नाही. स्थिर बसेल तोच येतो.

पहिला फोटो. खिडकीशी एक काळपट डाग. तिने कॅमेऱ्याची काच पुसली.

दुसरा. डागाला पाठ होती. दोन हातही होते, खुर्चीला असतात तसे.

ती खिडकीपाशी गेली. काहीच नाही. हात फिरवला. काहीच नाही. परत वळली, तेवढ्यात मागे...

कर्र.

वेत करकरतो तसं. कोणी तरी नीट टेकून बसावं तसं.

“आजोबा, मग पळाली ना ती?”

घाबरली. तिनेच सांगितलं तसं. पण ती कॅमेऱ्याशी आली आणि आधी कॅमेरा सरळ आहे की नाही ते पाहिलं. सरळ होता.

“काकू,” ती म्हणाली, “चुकले. प्रत आणलीय.”



तिने मूळ फोटो जमिनीवर ठेवला, खिडकीकडे तोंड करून. “बसा. कोणी उठवत नाही तुम्हाला. फक्त तीस सेकंद हलू नका.”

आणि बटण दाबलं.

एक... दोन... तीन...

“कोणाशी बोलताय?” पुतण्या जिना चढून आत आला. जमिनीवरचा फोटो उचलला. “हा कुठून काढलात?”

“जोडीला हाच लागेल.”

“म्हातारी बसलेलं घर घेईल कोण?” तो तरातरा येरझाऱ्या घालू लागला. सोफ्यापासून दारापर्यंत. दारापासून सोफ्यापर्यंत. “विकायचंय मला! पुसा!”

“एकदा पुसलं. आता नाही.”

“दुसरा फोटोवाला आणीन!”

“आणा.”

अठ्ठावीस... एकोणतीस...

खट्.

दोघं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली.

खोली. सोफा. खिडकी. खुर्ची. खुर्चीत काकू. सोफ्यापेक्षाही स्पष्ट. चष्म्याच्या काचेत दिव्याचा ठिपकासुद्धा.

“मी... मी कुठंय?”

पुतण्या जवळजवळ सबंध वेळ त्या खोलीतच होता. फोटोत त्याची सावलीही नव्हती.

“तुम्ही हलत होतात,” ओळंबा म्हणाली. “काकू नाही हलल्या.”

त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड उपसलं. कडकन मोडलं. दोन तुकडे.

“पुसलं! आता? आता दाखवा!”



मग खिडकीशी... सावकाश...

कर्र.

जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. पुतण्याने तीनच वापरल्या. मूळ फोटो त्याच्या हातून खाली पडला, तो तिने उचलला, तिकाटणं आवरलं, आणि जाताना खोलीतले दिवे लावलेलेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन ती कचेरीत आली. “हा त्या फाइलीत लावा. लावल्याशिवाय मी उठणार नाही.” बंद झालेल्या फाइलीत नवा कागद लावता येत नाही, असा नियम आहे.

लावला.

आणि त्या खोलीत, नव्या लाकडी जमिनीवर, खिडकीशी, सुताराला चार खळगे दिसले. खुर्चीच्या पायांचे. बोटाचं पेर बुडेल एवढे खोल. त्याने तासून सपाट केले. आठवड्याने पुन्हा आले. पुन्हा तासले. पुन्हा आले. शेवटी पुतण्याने वर जाड गालिचा टाकला.

आता गालिच्यावर चार खळगे आहेत.