बारा पिशव्या आणि एक लाल खडा

"फोड की ते खोकं!" अनेकांतचा मित्र आदर्श ओरडला.

"आक्काचं हाय ते," अनेकांत म्हणाला खरा, पण कात्री त्याच्याच हातात होती.

दिवाळीची सुट्टी लागली होती, तरी अनेकांतच्या घरात कुणाला दिवाळी सुचत नव्हती. त्याची मोठी बहीण, दीपाआक्का, दोन दिवस धड जेवली नव्हती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, हे ती पीएच.डी.च्या प्रबंधासाठी शोधत होती. पन्हाळ्याजवळच्या एका कड्यात लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या लाल मातीचा पट्टा होता. त्यातल्या चुनखडीच्या खड्यांत त्या काळचा कार्बन अडकून बसलेला. त्यात जड कार्बन किती आणि हलका किती, हे मोजलं की तेव्हाच्या हवेचा अंदाज बांधता येतो. पण जूनमध्ये पाठवलेल्या बारा पिशव्यांचे आकडे भलतेच आले. आधीच्या आकड्यांशी मेळच बसेना. तिच्या मार्गदर्शक सरांनी तोंडावर विचारलं, "आधीचे आकडे बनवलेस का?" उद्या तिला उत्तर द्यायचं होतं, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

प्रयोगशाळेने उरलेले खडे आज या खोक्यातून परत पाठवले होते. अनेकांतने एक पिशवी पेपरवर ओतली.

"लाल थरातले खडे, आणि माती काळी?" त्याने विचारलं.

त्यांची मैत्रीण राजनंदिनी, तिच्या घरचा ऊस होता. तिने एक खडा डोळ्यांजवळ नेला. त्याच्या भोकात केसाएवढी मुळी अडकली होती. "ही उसाची मुळी हाय की! असलं खडं आमच्या बांधावर ढिगानं पडल्यात."

जूनमध्ये आक्काचा पाय प्लास्टरमध्ये होता. पिशव्या भरून परस्पर पाठवल्या होत्या तवनाप्पाकाकांनी.  काकांवर अनेकांतचा फार जीव होता.

काका घराच्या पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसले होते. आदर्शने साळसूद चेहरा केला. "काका, त्या लाल थराशेजारी मधाचं पोळं हाय न्हवं? माशा चावल्या न्हाईत?"

"चावल्या की! हे एवढं पोळं! पळून पळून दमलो!"

"पोळं आदर्शच्या डोक्यातलं हाय, काका," अनेकांत हळूच म्हणाला. "मे महिन्यात मी आक्कासंगं गेलतो. तुम्ही कड्यावर गेलाच न्हाईसा!"

काकांच्या हातातला पेपर खाली आला. "पाऊस लागलाता रं. म्हटलं, खडा तो खडा. आपल्याच बांधावरचं भरलं."

दारात आक्का उभी होती. "उसाच्या, गवताच्या मुळांतनं जड कार्बन जास्त येतोय, काका. म्हणून आकडं फुगलं." तिचा आवाज चढला नाही, याचीच अनेकांतला भीती वाटली. "आता खरं खडं कुठनं आणू?"

जुलैत तो कडा ढासळला होता. लाल पट्टा दरडीत कालवून गेला होता.

अनेकांत आत धावला आणि कंपासपेटी घेऊन आला. मे महिन्यात कड्यावर आक्काने दिलेला लाल खडा तिच्यात होता. सगळ्या वर्गाला मिरवून दाखवलेला!

"ह्यो घे."

"आम्लात विरघळवायला लागंल, अनेकांत. परत मिळायचा न्हाई."

"ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी आक्काने सरांना सगळं सांगितलं आणि खडा प्रयोगशाळेत पाठवला. पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. खड्याचा आकडा आधीच्या आकड्यांशी तंतोतंत जुळला होता! एका खड्यावर प्रबंध उभा राहत नाही, दुसरा कडा शोधून पुन्हा सुरुवात करावी लागेल. पण दीपा खोटी नव्हती, आणि ते पोरांमुळे कळलं, असं म्हणून त्यांनी तिघांना शाबासकी दिली. खरं सांगायचं तर अनेकांतला शाबासकीपेक्षा खडा हवा होता.

सोप्यात काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी पोरांनी तिला वाचवलंसा. बुडवली मी."

 अनेकांत काकांना चिकटून बसला.