झडपेआडचा उजेड

तापाचं कारण काही सापडेना. सर्दी नाही, खोकला नाही, घसा दुखत नाही. तरी संध्याकाळ झाली की शर्वाणीचं अंग तापायचं. एरवी सायकलवरून मिरजभर भटकणारी ही मुलगी हल्ली जिना चढतानाही धापा टाकायची.

शर्वाणीच्या हृदयाची एक झडप (रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देणारं दार) जन्मतःच अरुंद होती. तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली होती. "हिचा ताप अंगावर काढू नका, आणि रक्त तपासल्याशिवाय प्रतिजैविक (जंतू मारणारं औषध) देऊ नका," असं डॉ. फरीदा मुजावर यांनी बजावलेलं आईच्या लक्षात होतं. तिनं लेकीला तडक रुग्णालयात नेलं.

तिथे तेजू नावाच्या यंत्रमानवानं तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेतलं.

"तीनदा कशाला?" शर्वाणी कुरकुरली.

"एकाच नमुन्यात निघालेला जंतू कातडीवरचाही असू शकतो," तेजू म्हणाला. "सगळ्यांत तोच निघाला, तर तो रक्तातलाच."

सगळ्यांत तोच निघाला. आईचा चेहरा उतरला.

मग तेजूनं ध्वनिलहरी सोडून शर्वाणीच्या हृदयाचं चित्र हवेत उभं केलं. "झडप स्वच्छ दिसते."

"पण तिच्यामागे नुसता काळोख आहे!" शर्वाणी म्हणाली.

"बरोबर पाहिलंस," डॉ. फरीदा म्हणाल्या. "कृत्रिम झडपेची सावली पडते. जंतू तिच्याआड लपले असतील. आपण त्यांचा माग साखरेनं काढू."

"साखरेनं?"

"जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी (शरीराचे शिपाई) गोळा होतात. लढताना त्या भराभर साखर खातात. आपण किरण सोडणारी साखर टोचायची. जिथे ती साठेल, तिथे यंत्राला उजेड दिसेल."

शर्वाणी विचारात पडली. "पण हृदयही साखर खात असेल ना?"

"वा! म्हणूनच आज भात, पोळी, गोड सगळं बंद. हृदय चरबीवर चाललं, की ते अंधारात राहील."

शर्वाणीनं तोंड वाकडं करत अंडी आणि पनीर संपवलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तिचं हृदय काळंभोर दिसलं, आणि झडपेच्या कडेला एक केशरी ठिपका!

"सापडले!" ती ओरडली. आईनं डोळे पुसले. शत्रू कुठे आहे ते आता कळलं होतं.

कित्येक आठवडे शिरेतून औषध चाललं. ताप गेला, रक्त निर्मळ झालं, आणि घरी जायचा दिवस उजाडला.

"आमच्याकडे एक नवी झडप घडतेय," डॉ. फरीदा म्हणाल्या. "जंतू चिकटला, की ती स्वतःच कळवेल. पण सध्या ती जंतू नसतानाही ओरडते."

शर्वाणी खळखळून हसली. "लहान आहे अजून," ती त्या झडपेची थोरली बहीण असल्यासारखी म्हणाली. "शिकेल हळूहळू."